सासूबाईंच्या नावाची गोगलगाय

समुद्रात शंख नसलेल्या गोगलगायी असतात आणि त्या ओळखण्यात एखादी बाई उभा जन्म घालवू शकते, हे तिच्या सासरी कुणाच्या पचनी पडत नसे. संग्रहालयाच्या मागच्या खोलीत ती बाटल्यांच्या गराड्यात बसे. स्पिरिटमध्ये पडली की गोगलगाय रंग सोडते, मग सगळ्या सारख्याच फिकट. कोण कुणाची सख्खी, कोण लांबची, हे जिभेवरचे बारीक दात सूक्ष्मदर्शकाखाली बघून ठरवायचं. शेजाऱ्यांनी तिचं नाव गोगलबाई पाडलं होतं. तिला ते आवडायचं.

तरुणपणी तिला खडकाखाली एक पिवळीधमक गोगलगाय सापडली. कुठल्याच पुस्तकात नव्हती. नव्या जातीला नाव द्यायचा मान तिचा. तिने सासूबाईंचं दिलं. ओहोटी पहाटेची असली की ती खडकांवर जाई आणि तान्ह्या लेकीला त्याच सांभाळत.

सासूबाई भडकल्या. "तुझं पोर सांभाळलं, त्याचे हे पांग फेडलेस? माझ्या नावाची गोगलगाय?"

पण रंगीत फोटो छापून आला आणि वारं फिरलं. फोटो चौकटीत बसून बैठकीच्या खोलीत गेला. पुढे सासूबाईंनी अंथरूण धरलं, तेव्हा डॉक्टरांनाही नाडी बघण्याआधी तो फोटो बघावा लागे.

यंदा गोगलबाई या कुळाचा सगळा वंशवृक्ष मांडायला बसली. डीएनए तपासला, तर सासूबाईंची पिवळी आणि फार आधी नाव मिळालेली एक गुलाबी, दोघी एकच निघाल्या. नमुने अदलाबदल झाले असतील म्हणून तिने पुन्हा तपासले. तेच! मग टाकीतल्या पिवळीला समुद्रातल्या खडकावर वाढणारा गुलाबी स्पंज खायला घातला. बया हळूहळू गुलाबी झाली. रंगावर जाऊ नका, असं ती सगळ्यांना बजावत आली होती, आणि स्वतःच रंगावर भाळली होती. दातांतला जरासा फरकही तिला हवा होता म्हणूनच दिसला होता.

नियमाने जुनं नाव राहतं. गुलाबीला कुणा बोटीच्या कप्तानाचं नाव होतं. म्हणजे सासूबाईंचं जाणार.

"आईला कशाला सांगतेस?" नवरा म्हणाला. "राहू दे की दोन जाती. गोगलगायी काय तक्रार करणार आहेत?"

तिलाही मोह झाला. पण ती खोटी फांदी ठेवून पुढचं झाड जुळेना. शेवटी ती सासूबाईंच्या उशाशी बसली आणि सगळं सांगून टाकलं.

"म्हणजे माझं नाव पुसणार?"

"पुसता येत नाही, आई. या जातीची जुनी नावं मांडताना खाली लिहावं लागतं, हिला पूर्वी चुकून हे नाव दिलं होतं. आणि त्यापुढे नाव देणाऱ्याचं नाव."

"म्हणजे तुझं."

"माझं."

"एकाच ओळीत?"

"हो."

"कायमचं?"

"कायमचं."

सासूबाईंनी मान वळवून दाराकडे पाहिलं.

"दारावरच्या पाटीवर आधी माझ्या नवऱ्याचं नाव होतं, आता तुझ्या नवऱ्याचं आहे," त्या म्हणाल्या. "आपल्या दोघींचं एकत्र कुठे लिहिलंय गं? बरं झालं चुकलीस."