घरमालकांची खिचडी

लातूर जिल्हा झाला तेव्हा आमच्या घरमालकांनी पेढे वाटले आणि त्याच हाताने भाडंही वाढवलं. "आता हे जिल्ह्याचं ठिकाण हाय," पेढा माझ्या हातावर ठेवत ते म्हणाले, "तालुक्याच्या भाड्यात जिल्ह्यात कसं ऱ्हाता येईल?"

माझं नवीन लग्न झालेलं. माहेर देगलूरचं. हे कचेरीत कारकून. मालकांच्या घरामागे पत्र्याची एक खोली, तीच आमचं घर. दुसरीकडे जावं तर लोक आधी आडनाव विचारायचे, मग खोली नुकतीच दिली म्हणायचे. आमच्या मालकांनी आडनाव कधीच विचारलं नाही. आगाऊ भाडं देता का, एवढंच विचारलं. त्या बाबतीत माणूस फार पुरोगामी.

गावात नवी कचेरी उघडली की भाडं वाढायचं. कुठं पाटी रंगवताना दिसली की मी घरी येऊन डब्यातले पैसे मोजायला बसायचे. "साहेब लोक खोली मागायलेत," मालक म्हणायचे, "तरी मी तुम्हालाच ठेवलंय."

त्यातच पावसाने दगा दिला. ज्वारी महागली. भाडं थकलं तर खोली जाणार, म्हणून ते आधी बाजूला काढायचं आणि उरलेल्यात खायचं. आधी डाळ गेली, मग तेल, मग रात्रीचं जेवणच गेलं. हे डबा नेईनासे झाले. पोट बिघडलंय असं कचेरीत सांगत. तिथल्या दयाळू मंडळींनी यांना ओवा आणून दिला. ओव्याने भूक आणखी वाढली.

दुष्काळ पाहून मालकांचं मन द्रवलं. त्यांनी अंगणात मांडव घातला आणि गोरगरिबांसाठी दुपारची खिचडी सुरू केली. फोडणीचा वास थेट आमच्या खोलीत यायचा. दोन-तीन दिवस मी दार लावून घेतलं. मग एक दिवस पातेलं उचललं, पदर पुढे ओढला आणि रांगेत जाऊन उभी राहिले.

नेमके त्याच दिवशी जिल्ह्याचे मोठे साहेब दुष्काळाच्या पाहणीला आलेले. मालक स्वतः डाव घेऊन उभे, शेजारी फोटोवाला.

"कुठल्या गावाहून आलात बाई?" साहेबांनी विचारलं.

"इथलीच हाय साहेब. यांच्या मागच्या खोलीत ऱ्हाते."

मालक घाईने हसले. "आमच्या घरच्याच म्हणायच्या."

"मग रांगेत कशाला?"

"भाडं भरलं, साहेब. उरलेल्यात ज्वारी आली न्हाई."

मागची एक म्हातारी खुदकन हसली. साहेब आभाळाकडे पाहू लागले. मालकांनी माझ्या पातेल्यात दोन डाव जास्त वाढले आणि फोटोवाल्याने तेवढ्यात फोटो काढला.

संध्याकाळी मालक आमच्या दाराशी आले. मला वाटलं, भाडं कमी झालं!

"सूनबाई, रांगेत उभं ऱ्हात जाऊ नका. बरं दिसत न्हाई. मी मागच्या दारानं पातेलं पाठवत जाईन."

"मालक, त्यापेक्षा भाडं उतरवा. खिचडी मी घरीच करीन."

त्यांनी खरोखर विचार केला. कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "भाडं हा व्यवहार हाय आणि खिचडी हे पुण्य. एकात एक कसं मिसळायचं?"

पातेलं येत राहिलं. पाऊस पडल्यावर मांडव निघाला, पण भाडं तिथंच राहिलं. तेव्हा यांनी उदगीरला बदली मागितली. कचेरीतले यांचे साहेब चकित झाले. "लोक जिल्ह्याला यायला धडपडतात आणि तुम्ही तालुका मागता?" हे म्हणाले, "पोटाची तक्रार आहे, साहेब." बदली लगेच मिळाली.

उदगीरला खोली स्वस्त होती. पहिल्याच आठवड्यात मी तुरीचं वरण केलं. हे तीनदा वाढून घेत जेवले. शेवटी पातेलंही बोटाने पुसून घेतलं. थोड्या वेळाने शेजारची कानडी बाई उंबऱ्यापाशी आली आणि तिच्या भाषेत विचारलं, "ऊट आयता?" जेवण झालं का, एवढंच. मी हो म्हणाले. खोटं बोलावं लागलं नाही.