गाऱ्हाण्याला मिळालेला होकार

भिकाजी एकनाथ घाडी (१९५९–२०२१), मूळ गाव कणकवली तालुक्यात, व्यवसाय वेल्डर. मस्कतजवळच्या गाला औद्योगिक वसाहतीत, ट्रकच्या बॉड्या बांधणाऱ्या एका कारखान्यात त्यांची उमेदीची वर्षे गेली. गावच्या देवळात गाऱ्हाणे घालण्याचा मान घाडी घराण्याकडे पिढीजात होता. सर्वांच्या वतीने देवाशी बोलायचे, आणि प्रत्येक वाक्यामागून जमलेल्यांनी ‘व्हय म्हाराजा’ असा होकार भरायचा, ही तिथली रीत. परदेशातही कुणाची अडचण साहेबांपुढे मांडायची झाली, की माणसे भिकाजींनाच पुढे करीत.

कारखान्यातील वेल्डिंगची शेड तिन्ही बाजूंनी बंद होती. धूर ओढून घेणारे पंखे बसवावेत, ही मागणी जुनी होती आणि मॅनेजरांचे उत्तरही जुनेच होते: “इन्शाल्ला.” ओमानात कामगार संघटनेला कायद्याची मान्यता आहे आणि परदेशी कामगारालाही तिचे सभासद होता येते, हे भिकाजींनी नीट समजून घेतले व कारखान्यात संघटना उभी केली. नोंदणी रीतसर झाली. प्रश्न उरला प्रतिनिधीचा. २०१५ च्या उन्हाळ्यात मॅनेजरांनी सांगितले, की माझ्यासमोर हात वर करून एक माणूस निवडा. पंख्यांविषयी मी त्याच्याशीच बोलेन.

निवडीआधीच्या शुक्रवारी, दुपारच्या जेवणापूर्वी, कामगारांच्या कॅम्पमध्ये भिकाजींनी नारळ ठेवला.

“बा देवा म्हाराजा, आज ही तुझी लेकरां परमुलखात तुझ्याफुडे जमली हत.”

“व्हय म्हाराजा.”

“सायबाफुडे हात वर करूची बुद्धी ह्यांका दी.”

“व्हय म्हाराजा.”

त्याच शेडमध्ये रंगकाम करणारा वसईचा एरिक कडेला उभा होता. “काका, देव तुमचा. मी म्हटलं तर चालेल?”

“धूर तुझ्या छातीत जातो ना? मग म्हण.”

एरिकने म्हटले. सर्वांत मोठा आवाज मात्र कौशिकचा होता. कौशिक हा भिकाजींचा सख्खा भाचा. त्याचा व्हिसा त्यांनी मिळवून दिला होता आणि त्याच्या हाती वेल्डिंगची कांडी प्रथम त्यांनीच दिली होती.

रविवारी कॅन्टीनमध्ये भिकाजींचे नाव पुकारले गेले. एकच हात वर झाला, तो एरिकचा. मॅनेजरांनी दुसरे नाव विचारले, तेव्हा कौशिक उठून उभा राहिला आणि बाकीचे सारे हात वर गेले. हात वर करणाऱ्यांपैकी एकाचीही नजर वर नव्हती.

“खलास,” मॅनेजर म्हणाले.

हात धुण्याच्या नळाशी भिकाजींनी भाच्याला गाठले. “शुक्रवारी व्हय म्हाराजा कोणी म्हटला?”

“मामा, देवाफुडे नाय म्हणूचा धाडस कोणाक असता? तो होकार देवाक होतो. तुमका नाय.”

मागे ताट घेऊन उभा असलेला सलील नावाचा वेल्डर म्हणाला, “आणि काका, देव काय व्हिसा रिन्यू करता?”

दोघे-तिघे हसले. मॅनेजरांनी प्रत्येकाला आधीच एकेकटे बोलावून व्हिसाची आठवण करून दिली होती, आणि कौशिकला सुपरवायझरची जागा कबूल केली होती, हे भिकाजींना त्या नळाशी उभे असताना कळले. गाऱ्हाण्याला नकार देण्याची रीतच नसते. हे त्यांच्याहून अधिक कुणाला ठाऊक असणार? तरीही तो होकार त्यांनी मत म्हणून धरला होता.

प्रतिनिधी या नात्याने कौशिकने पहिल्याच बैठकीत, शेडमध्ये हवा पुरेशी खेळते, हे मान्य केले. पुढच्या वर्षी भिकाजींच्या कराराचे नूतनीकरण झाले नाही. ते गावी परतले, आणि २०२१ च्या नोव्हेंबरात फुप्फुसाच्या विकाराने वारले. डॉक्टरांनी विकाराच्या कारणाविषयी काहीही नोंदवले नाही.

तेराव्याला कौशिक आला होता. भिकाजींच्या पत्नी प्रभावतीबाई यांनी त्याला स्वतः वाढले.

“जेवान जा,” त्या म्हणाल्या. “फक्त आजपासून माका मामी म्हणू नको.”

एरिकने आग्रह धरल्यामुळे आता त्या कारखान्यात प्रतिनिधीची निवड चिठ्ठ्या टाकून, गुप्तपणे होते. तेवढा प्रश्न मिटला. शेडमध्ये पंखे अद्याप बसलेले नाहीत.