भामाबाईच्या बोअरचं पाणी

इतकी वर्षं हे मी कुणाला सांगितलं नव्हतं. बायकोलाही नाही. सहा महिन्यांपूर्वी ग्रामसभेत उभा राहिलो, पण तिथं जेमतेम चार वाक्यं झाली. सगळं नीट, पहिल्यापासून — ते तुम्हालाच सांगतोय.

आमच्याकडच्या सहकारी साखर कारखान्याला डिस्टिलरी होती. मी तिथं टँकर चालवायचो. स्पिरिट काढून झालं की मागं काळं, कुजक्या वासाचं पाणी उरायचं. ते मी कारखान्याच्या तळ्यात नेऊन सोडायचो. मग लागोपाठ दुष्काळ पडला, ऊसच उरला नाही, कारखाना बंद झाला. बंद होताना तळं काठोकाठ भरलेलं, आणि टाक्यांत गाळ तसाच. साहेब म्हणाले, "गायरानातल्या खड्ड्यात टाक. वरून मुरूम वढ." भर उन्हात चार दिवस मी तेच केलं. नोकरी तर जाणारच होती — मग ऐकलं कशाला? सांगितलं म्हणून केलं, एवढंच. पण मला कबूल करायचंय ते हे नाही.

त्या गायरानाला लागून भामाबाईचं शेत. नवरा मेंढरं घेऊन वर्षातले सात-आठ महिने बाहेर. घरी ही, दोन म्हशी आणि एक बोअर. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षापासून त्या बोअरचं पाणी चहासारखं यायला लागलं. माणसं पिईनात. म्हशींना मात्र तेच.

तोवर मी गावच्या दूध सोसायटीचा सचिव झालो होतो. लोक 'सचिव' म्हणून हाक मारायचे. आवडायचं का? लई आवडायचं.

एका सकाळी भामाबाईच्या दुधाला वास आला. मी किटलीचं झाकण उघडलं आणि ओळखलं — टँकरवर सहा वर्षं काढलेला माणूस तो वास विसरेल का? रांगेत वीसेक बायामाणसं उभी होती. मी म्हणालो, "भामाबाई, भांडं धूत जा जरा."

बाया हसल्या. दुसऱ्या दिवशी ती किटली लखलखीत करून आली. "सचिव, राखंनं घासलीया. बघा." मी वास घेतला आणि दूध परत केलं. असं किती दिवस चाललं? पंधरा असतील, वीस असतील. रोज ती घासून आणायची, रोज मी परत करायचो. शेवटी नेकनूरच्या बाजारात तिनं दोन्ही म्हशी विकल्या.

पुढं बंद कारखान्याची खराब झालेली जमीन साफ करायला सरकारी निधी आला. एक इंजिनिअर मॅडम नकाशा घेऊन आल्या. जुने कामगार म्हणून आम्हा तिघांना बोलावलं. त्यांनी मला विचारलं, "टँकर तुम्हीच चालवत होता ना? तळ्याशिवाय आणखी कुठे टाकलं होतं का?"

उभा होतो तिथून भामाबाईचं शेत दिसत होतं.

"न्हाई, मॅडम."

हे ते. हेच सांगायचं होतं. मॅडमनी गायरानाच्या अलीकडं रेघ ओढली. तळं उपसलं, माती उचलून नेली, झाडं लावली, फलक लागला. आणि भामाबाई शाळेजवळच्या हापशावरून डोक्यावर पाणी वाहत राहिली. वर्षानुवर्षं.

भीती कशाची होती? तुरुंगाची नव्हे. खड्डा सांगितला असता, तर किटली आठवली असती लोकांना. मी भल्या बाईला गावात घाणेरडी ठरवली होती — जाणूनबुजून — ते उघडं पडलं असतं.

सहा महिन्यांपूर्वी दुसऱ्या टप्प्याचा निधी आला. अधिकारी ग्रामसभेत म्हणाले, "आणखी जागा राहिली असेल तर आत्ता सांगा. नंतर फाईल बंद होईल." मी उठलो. खड्डा सांगितला, मॅडमशी खोटं बोललो ते सांगितलं, आणि खाली बसलो.

भामाबाई बायांत बसली होती. आता केस पिकलेत तिचे. ती ओरडली नाही. म्हणाली, "म्हंजी मी किटली घाशीत हुते, तवा तुमाला ठाव हुतं?"

"हुतं."

तिनं पदर सावरला आणि निघून गेली. त्याच दिवशी मी सोसायटीचा राजीनामा दिला.

आता गायरान यादीत आलंय. तिला वरच्या अंगाला नवीन बोअर मंजूर झालाय. तोवर दारात पाण्याचा टँकर येतो. तिचा नवरा माझ्या घरावरून मेंढरं नेत नाही, वळसा घालून जातो. बरोबरच आहे.

जेसीबी आला त्या दिवशी मी जाऊन बांधावर उभा राहिलो. वरचा मुरूम निघाला आणि खाली काळं लागलं. वास सुटला, माणसं नाकाला रुमाल लावून मागं सरली. मी सरलो नाही. लाज वाटायला हवी होती, ती होतीच. पण खरं सांगू? छाती भरून श्वास घेतला मी. कित्येक वर्षांत असा घेतला नव्हता. भामाबाई तिच्या दारातून खोदकाम बघत होती. मी तिच्याकडं गेलो नाही.