खडीसाखरेतला दोरा

हे सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. आज नातीनं खडीसाखर चघळून आतला दोरा थुंकला आणि मला वसुधा आठवली.

आम्ही दोघं एकाच प्रयोगशाळेत पोस्टडॉक, म्हणजे पीएच.डी.नंतर ठरावीक मुदतीचे संशोधक होतो. माझे स्फटिक काही केल्या धरत नव्हते. ती हसली, "अहो, सारखं डोकावता कशाला? द्रावण पातळ करा, दोरा सोडा, झाकण घाला आणि विसरून जा!"

स्फटिक टपोरे धरले. शोधनिबंध मी माझ्या एकट्याच्या नावानं छापला. तिची मुदत संपत आली होती; निबंधावर तिचं नाव असतं, तर तिला नोकरी मिळाली असती.

"माझं नाव राहिलं का हो?" छापलेला निबंध पाहून तिनं विचारलं.

"राहून गेलं," मी म्हणालो.

साखर दोऱ्यालाच धरते, आणि थुंकला जातो तोही दोराच. वसुधा आता नाही.

वसुधा, तुमचं नाव राहून गेलं नव्हतं. मी ते घातलं नव्हतं.