येळवशीची तारीख

तारीख मी निवडली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं कुणी विचारायला नको. औश्यात बसस्टँडसमोर माझं झेरॉक्स आणि ऑनलाईन फॉर्मचं दुकान हाय. निम्म्या गावाचे फॉर्म मी भरलेत, एकात चूक निघाली न्हाई. शिल्पावहिनींच्या फॉर्मला माझा दिमाग कुठं चरायला गेला व्हता, अल्ला जाणे.

शिल्पावहिनी म्हणजे बालाजीची बायको. बालाजी आणि मी पहिलीपासून एका बाकावरचे. घर औश्यात, शेत तीन किलोमीटरवर. घरात सासू-सासरे, दोन लेकरं, गोठ्यात दोन म्हशी, आणि बालाजीचं खताबियाण्याचं दुकान, म्हणजे दुकानावर आलेल्या माणसांचा चहा बी हिच्याच गॅसवर. अशा बाईला जर्मन येतं. फ्रेंच आणि स्पॅनिश बी येतं, पण "कामापुरतं" असं ती म्हणते. औश्यात स्पॅनिशचं काय काम निघतं ते मला अजून कळलं न्हाई.

सात वर्षांमागं बालाजीनं बाहेरच्या देशातला फवारणीचा पंप आणला. संगं एक पुस्तिका, पाच भाषांतली. मराठी त्यात नव्हतीच, आणि इंग्रजीची पानं भिजून एकमेकांना चिकटलेली. पंप काही चालू होईना. बालाजीनं वैतागून पुस्तिका भिरकावली, ती वहिनीनं उचलली. चार दिवस मोबाईलवर एकेक शब्द शोधत बसली, पाचव्या दिवशी पंप चालू झाला. पंप चालू झाला आणि बाई बी चालू झाली.

तेव्हापासून ती माझं गिऱ्हाईक. आठवड्याला दहा-बारा पानं छापून न्यायची, तक्ते, गोष्टी, काय काय. डाव्या कानात बारीक इअरफोन घालून त्यावर पदर, उजवा कान घरासाठी मोकळा. जर्मन भाकरीच्या वेळी, कारण भाकरीला हात लागतात, डोकं लागत न्हाई. स्पॅनिश म्हशीपाशी. फ्रेंच फक्त लातूरच्या एसटीत, कारण धाकट्या लेकीचे दात सरळ करायला दर महिन्याला दवाखान्यात जावं लागायचं. दात सरळ झाले आणि फ्रेंच थांबलं. एकदा पाहुणी आलेली एक मावशी तिच्या सासूला, म्हणजे लक्ष्मीकाकूला, म्हणाली, "सून गुणाची हाय तुमची, पण एका कानानं गेलेली दिसती." वहिनीनं हे मला हसत हसत सांगितलं व्हतं.

घरात कुणी तिला आडवं आलं असंल म्हणाल, तर तसं बी न्हाई. बालाजी म्हणायचा, "कर की, कोण न्हाई म्हणतंय?" शेषेरावकाका, तिचे सासरे, चारचौघांत सांगायचे, "आमच्या सुनंला जर्मन येतं." लक्ष्मीकाकू म्हणायची, "शिक बाई, फक्त दूध उतू जाऊ देऊ नको." न्हाई कुणीच म्हणलं न्हाई. अन् ताटं उचलायला बी कुणी उठलं न्हाई. मला याचा लई राग यायचा. मग मी घरी जायचो आणि माझं ताट लुबना उचलायची, ती माझी बायको, म्हणून मी गप बसायचो.

एकदा पानं घेताना वहिनी म्हणाली, "कलीमभाई, इतकी वर्षं झाली, मी अजून एकाही माणसाशी जर्मन बोलले न्हाई. म्हशीशी बोलते." ती हसली, मी बी हसलो. आता त्या हसण्याची लाज वाटते.

मागच्या दिवाळीआधी तिला पुण्याच्या एका कंपनीचं पत्र आलं. घरी बसून यंत्रांच्या पुस्तिका जर्मनमधून मराठीत करायच्या. मार्चपर्यंत परीक्षेचं सर्टिफिकेट दाखवा, लिहिणं आणि बोलणं दोन्ही पास पाहिजे, मग काम तुमचं. परीक्षा घरून देता येते, पण खोलीत एकटं पाहिजे, दार बंद पाहिजे, कॅमेरा चालू. मधी कुणी आत आलं की परीक्षा रद्द. मार्चच्या आत तारखा तीनच. एका दिवशी पोराची सहामाही, एका दिवशी नणंदेकडचं लगीन. तिसरी तारीख बघितली आणि मी टेबलावर थापच मारली. जिल्ह्याला सुट्टी, गाव सगळं शेतात, रस्त्यावर चिटपाखरू न्हाई, घर रिकामं. म्हणलं, वहिनी, देवानंच काढून ठेवलीय तुमच्यासाठी. तिची नजर मोबाईलवरच्या डेअरीवाल्याच्या मेसेजमधी व्हती. ती "टाका" म्हणाली, मी बटण दाबलं.

तिसऱ्या दिवशी वहिनी दुकानात आली आणि भिंतीवरचं कॅलेंडर उलटून बघितलं. मग म्हणाली, "कलीमभाई, त्या दिवशी येळवस हाय."

"हाव, म्हणून तर," मी म्हणलं. "घर रिकामं असतंय."

"घर रिकामं असतं हो. पण मी घरात नसते."

आता येळवस म्हणजे वेळा अमावस्या, आमच्या लातूरकडं दिवाळीपेक्षा मोठी. शेतात कडब्याची खोप करायची, तिच्यात लक्ष्मी मांडायची, घरच्या कर्त्या जोडप्यानं पूजा करायची, त्यांच्याकडं बालाजी आणि वहिनीनं, आणि मग दिसंल त्याला बोलवून जेवू घालायचं. पंधरा-वीस भाज्या-डाळींची भज्जी, बाजरीचे उंडे, मडक्यातलं अंबील, तिळाच्या पोळ्या. आम्ही मुसलमान, आमच्याकडं शेत न्हाई, पण लहानपणापासून एक येळवस मी घरी जेवलो न्हाई. माझ्या लेखी येळवस म्हणजे सतरंजीवर बसायचं, दाबून खायचं आणि बोरीखाली आडवं व्हायचं. ते सगळं दोन दिवस आधीपासून कोण निवडतंय, कोण शिजवतंय, कोण डोक्यावर नेतंय, हे कधी डोक्यात आलं न्हाई. खाणाऱ्याच्या हातात तारीख दिली की असंच व्हणार.

तारीख बदलायला मी त्या परीक्षावाल्यांना सात मेल केले. बदलत न्हाई म्हणाले.

मग ठरलं असं. वहिनीनं पहाटेपर्यंत सगळं रांधून द्यायचं, माणसं शेतात जातील, घरी सामान न्यायला कुणी ना कुणी येणारच, म्हणून तिनं माझ्या दुकानाच्या आतल्या खोलीत परीक्षा द्यायची. बोलण्याची परीक्षा साडेबाराला, पाऊण वाजता मोकळी, मी मोटारसायकलवर सोडतो, एकला पूजा. घरच्यांना विचारलं तर सगळे म्हणाले, दे की, कोण न्हाई म्हणतंय. पण बालाजीनं चाळीस माणसं बोलावलेली, त्यात अकरा आमचीच. मी म्हणलं, औंदा आम्ही येत न्हाई. तर शेषेरावकाका स्वतः दुकानात आले, म्हणाले, "कलीम, काय चुकलं का आमचं?" म्हणलं, येतो काका.

त्या दिवशी वहिनी सव्वानऊला आली. कपाळाला पीठ, हाताला लसणाचा वास. मी पाणी दिलं, ते बी अर्धंच प्यायली. आत गेली, दार लावलं. त्या दाराला मधी काचेची पट्टी हाय, तिच्यातून फक्त तिचं डोकं आणि पुढची स्क्रीन दिसायची. बाहेर गाव कसं, एक कुत्रं बी भुंकंना. मी मनात म्हणलं, बघ, तारीख काय वाईट नव्हती.

साडेबारा झाले. पावणेएक झाले. स्क्रीनवर नुसतं फिरणारं चाक. परीक्षक बाई उशिरा येणार, जागेवरून उठू नका, अशी पाटी आलेली. एकला बालाजीचा फोन मला, कारण वहिनीचा फोन बंद. "झालं का रे?" म्हणलं, अजून सुरूच न्हाई. सव्वाला पुन्हा. मग शेषेरावकाकांनी फोन घेतला. मला वाटलं ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "घाई करू नको म्हणावं तिला. आम्ही थांबतो. पूजा झाल्याबिगर पान वाढत न्हाई, पण माणसं थांबतील. चाळीसच तर हायती."

दोनला लुबनाचा फोन. "अम्मीला चक्कर येऊन राहिली. तिची शुगर. इथं पूजेआधी मागावं तरी कसं?" अम्मी म्हणजे बेगमबी, माझी आई, सत्तरीची. मी म्हणलं, गूळ दे तिला गपचूप. लुबना म्हणाली, "दिला. तुम्ही या लवकर." लेकरं रडून राहिली व्हती, फोनमधी ऐकू येत व्हतं.

मी काय करायचं? दार उघडावं तर परीक्षा गेली. न्हाई उघडावं तर तिकडं माझी आई. कानाला फोन लावून मी त्या काचेपुढं येरझाऱ्या घालायला लागलो. चेहऱ्यावर काय व्हतं मला ठाऊक न्हाई. मधीच तिनं मान वळवली आणि काचेतून मला बघितलं. मी लगेच बाजूला सरकलो, पण तिनं बघितलं ते बघितलंच. तेवढ्यात आतून आवाज आला, एक बाई बोलायला लागली व्हती.

मी भिंतीला पाठ लावून ऐकत उभा राहिलो. वहिनीचा आवाज आधी बारीक, मग मोकळा झाला. काय बोलती ते समजायचा सवाल नव्हता, पण बोलणं धडाधड चाललेलं. एकदा तर हसली. सात वर्षं म्हशीशी बोललेली बाई आज माणसाशी बोलून राहिली व्हती. मग ती बाई काहीतरी बोलली, थोडंसंच. आणि वहिनी गप झाली. मी वाट बघितली. ती बाई पुन्हा बोलली. वहिनी गपच. थोड्या वेळानं दार उघडून बाहेर आली आणि म्हणाली, "चला."

मी मोटारसायकल काढली. शेतात पोचलो तर पावणेतीन. चाळीस माणसं सतरंजीवर बसलेली, कुणी रागावलं न्हाई. लक्ष्मीकाकू म्हणाली, "आलीस? ये, हात धू." बस्स, तेवढंच. बालाजी आणि वहिनीनं पूजा केली, खोपीभोवती अंबील शिंपडलं, आणि वहिनी पदर खोचून वाढायला लागली. माझ्या पुढं आली, विचारलं, "भज्जी वाढू का, कलीमभाई?" मला भूक लागली व्हती. मी दोनदा घेतली.

फेब्रुवारीत निकाल आला, माझ्याच दुकानात उघडला. वाचणं पास, ऐकणं पास, लिहिणं तर लईच चांगलं. बोलणं नापास. शेवटच्या प्रश्नाला उत्तरच न्हाई, परीक्षा अर्धवट सोडली, असा शेरा. मला राहवलं न्हाई. मी चिडूनच विचारलं, "वहिनी, असं काय विचारलं तिनं, जे तुम्हाला आलं न्हाई?"

वहिनी निकालाच्या कागदाची घडी घालत व्हती. म्हणाली, "तिनं आधी विचारलं, तुमच्याकडचा एखादा सण सांगा. मी येळवस सांगितली. खोप, भज्जी, अंबील, सगळं. एक शब्द अडला न्हाई. तिला लई आवडलं. मग विचारलं, कधी असतो हा सण? म्हणलं, आज. तर ती म्हणाली, आज? मग तुम्ही इथं कशा?"

मी स्क्रीनवरचा निकाल बंद केला.

"उत्तर येत व्हतं मला," ती म्हणाली. "सगळे शब्द येत व्हते. पण बोलले असते तर रडले असते, आणि समोर कॅमेरा व्हता."

कंपनीची मुदत मार्चची. तरी मी म्हणलं, पुढच्या तारखा बघू, दुसरी कंपनी येईल. ती म्हणाली, "बघा. पण औंदा आधी ते घ्या," आणि भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बोट केलं. मी ते काढून टेबलावर ठेवलं. एकेक तारीख मी वाचायचो आणि ती सांगायची. पोराची दहावी. म्हशीचं वेत. सासूबाईंचं डोळ्याचं ऑपरेशन. पेरणी. महालक्ष्म्या. मी डिसेंबरपर्यंत पानं उलटली आणि पुन्हा जानेवारीवर आलो.

"राहू द्या," वहिनी म्हणाली. डाव्या कानातला इअरफोन काढून तिनं पर्समधी टाकला आणि दुधाची वेळ झाली म्हणून निघून गेली.