साकीनाक्याची मीराताई

फ्रेडाच्या पोटात काही राहत नाही, हे मनोरीत लहान पोरांनाही ठाऊक होतं. कुणाची सोयरीक मोडली, कुणाची सून रागाने माहेरी गेली, ते आधी फ्रेडाला कळायचं आणि मग गावाला. अशा बाईला साकीनाक्याच्या एका कंपनीने लोकांची गुपितं सांभाळायला ठेवलं. कंपनीला तरी काय माहीत म्हणा! मुलाखतीत फ्रेडा गोड बोलली, आठवडाभराचं ट्रेनिंग तिने मन लावून केलं आणि नोकरी पदरात पाडून घेतली.

कॉलेजच्या मुलांनी मोबाईलवरून मनातलं लिहायचं आणि समोरच्याने लिहूनच धीर द्यायचा, असं ते काम. मुलांना नाव सांगायची सक्ती नव्हती. धीर देणाऱ्यांनी तर खरं नाव सांगायचंच नाही, म्हणून फ्रेडाची मीराताई झाली. कुणी फार खचलेलं वाटलं तर केबिनमधल्या रेवती मॅडमना लगेच कळवायचं, कारण त्या मानसशास्त्र शिकलेल्या. बाकी कुणापाशी अवाक्षर काढायचं नाही. गावात फ्रेडा ‘कम्प्युटरचं काम’ एवढंच सांगायची. खालच्या गाळ्यात पत्रा कापायचं मशीन धडधडत असायचं आणि वर मीराताई लिहायची, ‘मी ऐकतेय रे. सावकाश सांग.’

आणि गंमत बघा, तिला ते काम छान जमलं. दुसऱ्याच्या घरात डोकावायची जन्माची हौस इथे आपुलकी म्हणून खपून गेली. मुलं तिलाच मागून घ्यायची.

असाच एक मुलगा रोज दुपारी चॅटवर यायचा. आधी नुसतं ‘झोप लागत नाही’ म्हणायचा. मग एक दिवस त्याने सगळं लिहिलं. ‘ताई, माझ्या केट्या राहिल्यात, मागचे विषयच सुटले नाहीत. कॉलेजला जातच नाही. मार्वेच्या जेट्टीवर बसून राहतो आणि संध्याकाळच्या बोटीने घरी जातो. आईला वाटतं मी लास्ट इयरला आहे. मी इंजिनियर झालो की माझ्या उंचीची मेणबत्ती वांद्र्याच्या मोतमाऊलीला लावायचा नवस बोललीय ती. दाराशी उभं करून दोऱ्याने मापलं मला. तो दोरा बघितला की जीव नकोसा होतो.’

फ्रेडाची बोटं थांबली. तो दोरा तिने स्वतः पाहिला होता. इनेझने अख्ख्या गावाला दाखवला होता. हा इयान होता, शेजारच्या इनेझचा एकुलता एक.

रेवतीची केबिन समोरच होती. फ्रेडा उठली, दारापर्यंत गेली आणि माघारी आली. रेवतीला सांगितलं असतं तर तिथून पुढे ते रेवतीच्या हातात गेलं असतं. फ्रेडाला ते सोडवेना. शिवाय नाताळातली गोष्ट तिच्या मनातून गेली नव्हती. केक द्यायला आलेली इनेझ फ्रेडाच्या ॲलनकडे बघून म्हणाली होती, “सगळ्याच पोरांची डोकी सारखी नसतात गं.” ॲलन बारावी नापास, पर्यटकांच्या बंगल्यात स्विमिंग पूल धुतो.

आईला कळायलाच हवं, असं स्वतःला बजावत फ्रेडा त्याच संध्याकाळी इनेझच्या स्वयंपाकघरात जाऊन बसली.

“इनेझ, रागावू नको हां. तुझा इयान कॉलेजला जातच नाय. जेट्टीवर बसून असतो. पोराचं डोकं ठिकाणावर नाय गं, जीव नको म्हणतो. कुणाला सांगू नको मी बोलली म्हणून.”

इनेझचा चेहरा पडला. फ्रेडाने तिच्या पाठीवरून हात फिरवला, आणि हात फिरवता फिरवता तिला बरं वाटलं. चांगलंच बरं वाटलं. वर्षभरात प्रथमच तिचं अंग हलकं झालं.

ऑक्टोबर म्हणजे रोझरीचा, जपमाळेचा महिना. रोज संध्याकाळी गाव क्रुसापुढे जमतं, माळ म्हणून झाली की कुणासाठी प्रार्थना हवी ते मोठ्याने सांगायचं आणि मग उकडलेले चणे वाटायचे. दुसऱ्या दिवशी इनेझ रडत उभी राहिली. “माझ्या इयानसाठी मागा. त्याचं डोकं बिघडलंय. जीव द्यायचं बोलतो.” तिला यात वावगं काही वाटलं नाही. गुडघ्याच्या दुखण्यासाठी मागतात तसंच तिने मागितलं. नेमका इयान तेव्हा पाठीवर बॅग घेऊन बोटीवरून येत होता. सगळी तोंडं त्याच्याकडे वळली. म्हाताऱ्या बेसिलने त्याला ओढून क्रुसापुढे बसवलं, डोक्यावर हात ठेवला, आणि पन्नास माणसांनी त्याच्या डोक्यासाठी पुन्हा एक माळ म्हटली. कुणीतरी त्याच्या ओंजळीत चणे दिले.

मग जो तो रस्त्यात अडवून विचारू लागला, “काय रे, बरं हाय ना डोकं?”

चार-पाच दिवसांनी तो मीराताईकडे आला. ‘ताई, वाट लागली. सगळ्या गावाला कळलं. मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं, पण तुम्हाला तर माझं नावही माहीत नाही. आमच्या शेजारी एक आंटी आहे, फ्रेडा. नुसती चोंबडी. तिनेच जेट्टीवर बघितलं असणार. मला आता तुमच्याशिवाय कुणी नाही.’

इथे तिने रेवतीला हाक मारायला हवी होती. निदान गप्प बसायचं. पण चोंबडी हा शब्द फ्रेडाला झोंबला.

‘असं बोलू नये,’ तिने लिहिलं. ‘तिचा हेतू वाईट नसेल. आणि तुझी आई तरी नाताळात ॲलनला काय बोलली होती?’

पाठवल्यावर आपण काय लिहून बसलो ते तिला कळलं. समोर ‘टाईप करत आहे’ असं आलं, गेलं, पुन्हा आलं. मग चॅट बंद झाला. खिडकीत मीराताईला पाच पैकी किती तारे द्याल, एवढंच उरलं.

तो पुन्हा तिथे आला नाही. दुसऱ्या कुणा ताईकडेही गेला नाही.

पुढच्या आठवड्यात संध्याकाळच्या बोटीत फ्रेडा चढली तर बाकावर इयान आणि शेजारी इनेझ. हल्ली ती त्याला एकटं सोडत नसे. बोट गावच्या माणसांनी भरलेली. इयान उठून उभा राहिला. सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात तो म्हणाला,

“बसा, मीराताई.”

लोकांनी माना वळवल्या. इनेझने त्याचा हात धरून त्याला बाजूला ओढलं. “अरे, फ्रेडा आंटी ना ती! लहानपणापासून बघतोस तिला.” मग ती फ्रेडाकडे वळली. “बघ गं बाय, आता नावं पण विसरायला लागला.”

इयान फ्रेडाकडे बघत होता. तिच्या एका शब्दावर तो शहाणा ठरला असता.

“होतं गं असं,” फ्रेडा म्हणाली. “डॉक्टरला दाखव त्याला.”

आणि ती त्याच्या जागेवर बसली. गावाला सांगण्याजोगं तिच्यापाशी पुष्कळ होतं, पण मीराताई कोण, ते मात्र तिच्या पोटात राहिलं.