औषध मेंढीनं खाल्लं

चौरस्त्यावर उताऱ्याचा नारळ दिसला की उचलून, फोडून खाणारा माणूस आहे मी. त्यामुळे इथं कधी असलं काही लिहीन असं वाटलं नव्हतं... शाळा सातवीतच सुटली, चुका सांभाळून घ्या.

माझं गाव वडवणीपासून आत, डोंगराच्या अंगाला. घरी मेंढरं. मी मात्र हैदराबादला बेकरीत भट्टीवर असतो. मला क्लस्टर हेडेक आहे. ही साधी डोकेदुखी नाही. वर्षातले काही आठवडे रोज दुपारी ठरल्यासारखी येते, फक्त डाव्या डोळ्यामागं. तापलेली सळई घालून कुणी फिरवतंय असं. डोळा गळतो, पापणी पडते, बसवत नाही, झोपवत नाही. भिंतीवर डोकं आपटून घ्यायचो. दाताच्या डॉक्टरनं दाढ काढली, डोळ्याच्या डॉक्टरनं चष्मा दिला. आजाराचं नाव कळलं ते पेशंट लोकांच्याच एका ऑनलाइन ग्रुपवर. तिथल्या एक ताई पुण्याच्या, त्यांनाही हेच दुखणं. माझ्यासारख्या अडाण्याला त्या फोनवर न कंटाळता समजावून सांगायच्या. त्यांचे उपकार फिटायचे नाहीत.

हे पेशंट आपसातच अभ्यास करतात. परदेशात काही जणांचं दुखणं खाल्ल्यावर भास होतात अशा एका अळंबीनं थांबलं म्हणे. मग कुणी काय घेतलं, त्यानं फरक पडला का, हे एकमेकांना विचारून गोळा करायचं आणि याचं नीट संशोधन करा म्हणून डॉक्टरांच्या मागं लागायचं. ताई दरवेळी बजावायच्या, "आपल्याकडे कायद्यानं बंदी आहे. आणि रानातल्या अळंबीला तर हातसुद्धा लावू नकोस. विषारी निघाली तर जीव जाईल."

मी हो म्हणायचो. पण मनात यायचं — शेणावर उगवते म्हणतात, मग आमच्या रानात काय कमी आहे? मेंढरामागं वाढलेल्याला शेणावरची छत्री ओळखता येणार नाही?

गेल्या भादव्यात दुखणं सुरू झालं. भट्टीपुढं उभं राहवेना, मालक म्हणाला घरी जाऊन ये. घरी आईनं हेका धरला, "तुझ्यावरून मेंढी ओवाळून सोडते." आमच्यात असं करतात — दुखणं जनावरावर जातं म्हणतात. मी लई चिडलो. नाही म्हणजे नाही.

दुसऱ्या दिवशी चुलत्याबरोबर, नानांबरोबर, रानात गेलो. शेणावरच्या छत्र्या रुमालात वेचायला लागलो.

"कावून रं? कुत्र्याच्या छत्र्या हायेत त्या."

"औषध हाय नाना."

"मंग दवाखाने कशाला बांधले बे? शेण वाटा म्हणावं लोकांला!"

खायचं धाडस गोळा करत होतो तेवढ्यात डोळ्यामागं पेटलं. रुमाल तिथंच टाकला. गुडघ्यावर पडलो, कपाळ खडकावर दाबलं. नाना पाठ चोळत होते. आणि मधेच... थांबलं. नळ बंद करावा तसं. असं आधी एकदाही झालं नव्हतं. सुरू झालं की ते सगळं भोगूनच सुटका व्हायची.

मान वर केली तर समोर एक काळी मेंढी रुमाल चाटत होती.

"आरं, तुझं औषध खाल्लं की तिनं!" नाना खदखदून हसले. मग तिच्या तोंडाकडं बोट केलं.

मेंढीचा डावा डोळा गळत होता. पापणी पडलेली. ती कळपातून बाजूला झाली आणि बाभळीच्या बुंध्याला डोकं लावून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी मला काही झालं नाही. नंतरही नाही. मेंढी मात्र रोज दुपारी बाभळीला डोकं लावायची. जनावरांच्या डॉक्टरांनी डोळा बघितला — कुसळ नाही, जखम नाही. आईनं माझीच शपथ घेतली, "म्या काई ओवाळलं न्हाई."

ताईंना फोनवर सगळं खरं सांगितलं. आधी भरपूर रागावल्या. मग म्हणाल्या, "तुला घेतलेल्यांत धरू की न घेतलेल्यांत?"

"ताई, औषध मेंढीनं घेतलं, बरा मी झालो."

त्या हसल्या. म्हणाल्या, "आपलं दुखणं आपोआपही थांबतं रे कधीकधी. तिला विषबाधा झाली असेल." पटलं मला. पण डावाच डोळा? दुपारीच?

यंदा पुन्हा भादवा आला. भट्टीपुढं डोळ्याला हात लावून लावून दमलो — कोरडाच. काल नानांचा फोन आला. "तुझी मेंढी परत बाजूला उभी ऱ्हायली बघ. मधी वर्षभर चांगली होती. इकून टाकू का बाजारात?"

"इकू नका नाना!" मी इतक्या जोरात ओरडलो की बेकरीतली पोरं बघायला लागली.

"कावून? कीव येती का तिची, का ती गेल्यावर दुखणं तुझ्यावर परत यील म्हून भ्या वाटतं?"

मी परत तेच म्हणालो, इकू नका. नानांनी फोन ठेवला.

हे काय आहे ते ताईंना कळलं नाही, डॉक्टरांना नाही, मला तर नाहीच. मी बरा आहे. देवाचे, ताईंचे, सगळ्यांचे आभार मानतो. पण दुपार झाली की डबा उघडायच्या आधी ती मेंढी आठवते. मला दुखायचं तेव्हा मी ग्रुपवर विचारायचो आणि कुणीतरी भोगलेलं माणूस उत्तर द्यायचं. तो मुका जीव कुणाला विचारणार?